डाव्या बाजूची खुर्ची

"ती खुर्ची माझी आहे, मिस्टर गेदर!"

लव्हिनियाच्या तोंडून शब्द निघून गेले आणि रविवारच्या त्या भरल्या टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. तिच्या हातात उकडलेल्या बटाट्यांचा वाडगा होता. तो इतका तापला होता की फडक्यातूनही बोटं भाजत होती, पण ती तो खाली ठेवीना. कारण ठेवायचा म्हणजे वाकायचं, आणि वाकलं की डोळ्यांत दाटून आलेलं पाणी सगळ्यांना दिसणार!

नऊ वर्षांची ओडेसा गोंधळून म्हणाली, "आई, सायलसकाका नेहमी तिथंच बसतात की. बाबांच्या डाव्या हाताला."

"तेच म्हणतेय मी."

सायलस गेदर अर्धवट उठला. त्याचं डोकं छताच्या दिव्याला लागायला आलं. "उठतो की, वहिनी. मी काय, बाहेर पायऱ्यांवर बसूनसुद्धा जेवेन. फक्त तो ग्रेव्हीचा वाडगा माझ्याबरोबर हद्दपार करा."

ओडेसा खुदकन हसली. पण ईनॉकनं, लव्हिनियाच्या नवऱ्यानं, मित्राच्या मनगटावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "बस रे तू. आणि विनी, सतरा वेळा मार खाल्लाय मी याचा, आता एका खुर्चीवरून अठरावी लढत आजच लावू नकोस. तू समोर बस ना. समोर बसलीस की मला नीट दिसतेस."

समोर! लव्हिनियाच्या काळजात काहीतरी चर्रकन कापत गेलं. बारा वर्षांपूर्वी लग्नात पाद्रीबाबांनी हाताला धरून तिला ईनॉकच्या डाव्या बाजूला उभं केलं होतं. तेव्हापासून चर्चच्या बाकावर, ट्रामची वाट बघताना, रविवारच्या या टेबलावर ती जागा तिची होती. आणि आता, गेल्या तीन वर्षांत, हा परका माणूस हळूहळू, एक शब्दही न बोलता तिथं येऊन बसला होता...! ती समोर जाऊन बसली. मिठाचं भांडं सायलसनंच ईनॉकच्या हाताशी सरकवलं, पाण्याचा पेला त्यानंच जरा आत ओढला, आणि ती बघत राहिली. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याची सेवा हा करणार!

खरं तर ते एकमेकांचे वैरीच असायला हवे होते. ईनॉक पर्डी आणि सायलस गेदर, दोघंही हेवीवेट मुष्टियोद्धे. बॉल्टिमोरपासून बॉस्टनपर्यंत त्यांचं नाव काढलं की गोऱ्या खेळाडूंना अचानक ताप भरे, कुणाचा हात मुरगळे, कुणाची आजी तिसऱ्यांदा वारे. खुद्द चॅम्पियननं तर वर्तमानपत्रातच छापून टाकलं होतं की किताबासाठी तो काळ्या माणसाशी लढणार नाही, आज नाही, कधीच नाही. मग लढायला उरलं कोण? उरले हे दोघं, एकमेकांना. हॉलच्या मालकांना गर्दी हवी, यांना पोटाला हवं. म्हणून कधी फिलाडेल्फिया, कधी पिट्सबर्ग, कधी इथंच बॉल्टिमोरात, पुन्हा पुन्हा हेच दोघं समोरासमोर. सतरा लढती झाल्या. दोन ईनॉकनं जिंकल्या, चार सायलसनं, आणि बाकीच्या सगळ्या बरोबरीत सुटल्या.

एकाच आगगाडीनं जायचं, एकमेकांना फोडून काढायचं, आणि एकाच आगगाडीनं, एकाच डब्यात बसून, एकाच पुरचुंडीतलं खात परत यायचं. त्या माणसाच्या श्वासाची लय ईनॉकला पाठ होती. त्याला कधी झोप येते, कधी राग येतो, सगळं माहीत होतं. आणि माझं? मला कधी रडू येतं ते तरी त्याला माहीत आहे का? लव्हिनिया कपडे धुताना, गोऱ्या साहेबांच्या कॉलरींना इस्त्री फिरवताना मनाशी विचारायची. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. या सव्वासहा फुटी माणसाचं काय उपटायचं?

त्यात ती कुजबूज! तिघं रस्त्यानं निघाले की सायलस हटकून ईनॉकच्या डाव्या बाजूला जायचा, लव्हिनिया आपोआप मागे पडायची, आणि मग सगळ्या वाटेनं तो खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटत राहायचा. ईनॉक नुसता "हं... हं..." करायचा. एवढं काय गुपित असतं दोन पुरुषांचं, की जे बायकोच्या कानावर पडू नये?

आणि तीन वर्षांत ईनॉक बदललाही होता. ती शेजारी येऊन बसली तरी तो वळून बघत नसे. नवीन ड्रेस घालून ती त्याच्याजवळ उभी राहिली, तर तो चुलीकडेच बघत राहिला होता. त्या दिवशी तिनं तो ड्रेस काढून पेटीच्या तळाशी टाकला, तो पुन्हा घातला नाही.

शुक्रवारी मात्र या घरात एक विलक्षण गोष्ट घडली होती. चॅम्पियनच्या माणसांपैकी रेनफ्रू नावाचा एक गोरा गृहस्थ त्यांच्या दारात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. म्हणाला, "तुमच्या बरोबरीच्या लढतींना लोक विटलेत. पेपरवाले लिहितात, ज्या गेदरला साधा पर्डी आडवा करता येत नाही, तो चॅम्पियनसमोर काय उभा राहणार? गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाची लढत बघायला मी येतोय. माझ्या डोळ्यांदेखत एकानं दुसऱ्याला आडवं करावं. जो उभा राहील, त्याच्यासाठी मी चॅम्पियनकडे शब्द टाकीन."

शब्द टाकीन! अठरा वर्षं ईनॉकनं हा शब्द ऐकण्यासाठी नाक, दात, बोटं मोडून घेतली होती. लव्हिनियाच्या अंतःकरणात आशेचा असा काही लोंढा उसळला की ती भिंतीला टेकून उभी राहिली. आणि आज रविवार. चार दिवसांनी ज्याला आडवं करायचं, तोच तिच्या खुर्चीवर बसून तिच्या हातचा मक्याचा ब्रेड खात होता!

जेवण झालं. निघताना ओडेसा धावत जाऊन सायलसच्या कमरेला बिलगली, आणि त्याचा चेहरा एकदम राखेसारखा झाला.

"काय झालं, काका?"

"गुदगुल्या झाल्या गं, पोरी..." तो हसला. पण खुंटीवरची टोपी घ्यायला त्यानं हात वर केला तेव्हा त्याचा सदरा उचलला गेला, आणि लव्हिनियाला दिसली डाव्या बरगड्यांभोवती करकचून आवळलेली पट्टी.

संध्याकाळी ती ईनॉकच्या शेजारी, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. ती जागा आता निदान रिकामी तरी होती.

"त्याच्या बरगड्या मोडल्यात. डाव्या. मी बघितलंय."

ईनॉक चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिला. तो म्हणाला, "हे या घराबाहेर जाता कामा नये."

"अरे, पण तू तर जाणारेस ना तिथं! एक ठोसा, ईनॉक. एकच! अठरा वर्षं तू ज्याची वाट बघितलीस..."

"तो या घरात जेवलाय, विनी."

"आणि मी? मी कुठं जेवते? मी तुझी कोण आहे रे?" तिचा आवाज चिरकला. "मी इतकं बोलतेय, निदान माझ्याकडे बघ तरी!"

त्यानं मान वळवली. सावकाश, मान आखडल्यासारखी, हनुवटी पार खांद्यापर्यंत आणून तो तिच्याकडे बघू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही अपार दुःख होतं की तिला वाटलं, हे दुःख त्या सायलससाठीच आहे. ती ताडकन उठून गेली.

सोमवारी सकाळी लव्हिनियानं डोक्याला रुमाल बांधला आणि ती ओबेडमामाच्या न्हाव्याच्या दुकानात गेली. ओबेडमामा तिच्या आईचा भाऊ. लढतीच्या वेळी ईनॉकच्या कोपऱ्यात बादली आणि स्पंज घेऊन तोच उभा असायचा. ईनॉक ऐकत नसेल, तर मामा तरी ऐकेल!

"डाव्या बरगड्या?" मामानं वस्तरा पट्ट्यावर घासता घासता विचारलं. "नक्की?"

"नक्की."

"पोरी, हे तू का सांगतेस ते मला कळतंय. पण उद्या तुला..."

"उद्याचं उद्या बघू, मामा!"

ती घरी आली, आणि गुडघे टेकून दारातल्या तीन पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या घासू लागली. खरं तर पायऱ्या शनिवारीच घासून झाल्या होत्या. शेजारणीनं खिडकीतून विचारलंही, "काय गं लव्हिनिया, राष्ट्राध्यक्ष येणारेत की काय?" लव्हिनियानं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. ती घासत राहिली... घासत राहिली...

ईनॉकनं तिला आजवर एकदाही लढत बघायला येऊ दिलं नव्हतं. "चर्चमधल्या बायका तिथं येत नाहीत," एवढंच म्हणायचा. पण गुरुवारी दुपारी तिनं सणाची टर्की भट्टीत सारली, ओडेसाला शेजारणीकडे सोडलं आणि ती हॉलवर गेली. काळ्या लोकांसाठी अगदी वरची गॅलरी होती. तिथून दोरांनी वेढलेला तो चौकोन विहिरीच्या तळासारखा दिसत होता. छताच्या काचांतून नोव्हेंबरचं फिकट ऊन सरळ खाली पडलं होतं. पहिल्या रांगेत रेनफ्रू बसला होता. अंगात ओव्हरकोट, मांडीवर हॅट.

घंटा झाली.

पहिल्या तीन फेऱ्या लव्हिनियाला काहीच दिसलं नाही, नुसते आवाज ऐकू आले. चौथ्या फेरीत तिनं धीर करून डोळे उघडले. ईनॉक कसा उभा होता! हनुवटी खांद्याकडे वळवलेली, मान तिरकी. सायलस ईनॉकच्या उजव्या हाताला सरकला की ईनॉक विजेसारखा वळत होता. पण तो डाव्या हाताला सरकला की ईनॉक आधी थांबायचा... कान टवकारायचा... आणि मग सगळी मान वळवायचा.

लव्हिनियाचा हात आपसूक गळ्याशी गेला. ही मान तिनं कुठं बघितली होती?

बाबा!

तिचे वडील शेवटची अकरा वर्षं आंधळे होते. तिनं त्यांना भरवलं होतं, अंघोळ घातली होती, हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता. पूर्ण आंधळे होण्याआधी, जेव्हा त्यांचा एकच डोळा गेला होता, तेव्हा ते दारातून येणाऱ्या माणसाकडे असेच वळायचे. आधी कान, मग हनुवटी, मग सगळा चेहरा...

"देवा..." ती पुटपुटली.

समोर बसलीस की मला नीट दिसतेस. चुलीकडे लागलेली नजर. पेटीच्या तळाशी गेलेला ड्रेस. हाताशी सरकवलेलं मीठ. आत ओढलेला पेला. रस्त्यातली ती कुजबूज. तीन वर्षांच्या सगळ्या दुःखांचे अर्थ एका क्षणात उलटेपालटे होऊन तिच्यावर कोसळले, आणि नेमक्या त्याच क्षणी खालून ओबेडमामाचा खणखणीत आवाज आला:

"बरगड्या, ईनॉक! त्याच्या डाव्या बरगड्या! मोडलेल्या आहेत!"

सायलस जागच्या जागी थबकला. मग त्यानं मान वर केली. त्या शेकडो चेहऱ्यांतून त्याला लव्हिनियाचा चेहरा कसा सापडला, देव जाणे! पण सापडला. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. त्या नजरेत राग असता तर लव्हिनियानं तो आनंदानं झेलला असता. पण तिथं राग नव्हता... शाळेत न येणारं गणित अखेर सुटलेल्या मुलासारखा तो फक्त हलकेच मान डोलवत होता.

आणि मग त्यानं जे केलं, ते हॉलमधल्या कुणालाच कळलं नाही. त्यानं आपलं डावं कोपर वर उचललं. बरगड्या उघड्या टाकल्या, आणि ईनॉकच्या समोर, त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर, तो नुसता उभा राहिला. मार म्हणून. घे म्हणून!

ईनॉकचा उजवा हात मागे गेला. साऱ्या हॉलनं श्वास रोखला. रेनफ्रू पुढे वाकला. "नको," लव्हिनिया ओरडली, "नको, ईनॉक, नको!" पण तिचा आवाज त्या गदारोळात बुडून गेला. चार दिवसांपूर्वी जे व्हावं म्हणून तिनं तळमळून प्रार्थना केली होती, ते होऊ नये म्हणून ती आता रडत होती.

ईनॉकनं हात खाली घेतला.

"माझ्याशी नीट लढ!" तो खेकसला.

"तू आधी लढ की!" सायलस म्हणाला.

त्यानंतरच्या फेऱ्या ते दोघं नेहमीसारखे लढले, ओठ फुटेपर्यंत, गुडघे थरथरेपर्यंत. पण एकानं बरगड्यांना हात लावला नाही आणि दुसऱ्यानं त्या अंधाऱ्या बाजूनं एकही ठोसा टाकला नाही. बाराव्या फेरीत तर ईनॉकचा तोल गेला, त्याची डावी बाजू दार उघडं राहावं तशी उघडी पडली. सायलसचा उजवा हात उठला होता. एक ठोसा, आणि चॅम्पियनकडे जाणारा शब्द त्याचा होता. तो हात अर्ध्यावर थांबला... आणि त्या हातानं त्यानं पडणाऱ्या ईनॉकला मिठी मारून सावरून धरलं.

"लबाडी! ठरवून चाललंय!" खालचे लोक ओरडू लागले. संत्र्याच्या साली, शेंगांची टरफलं रिंगणात येऊन पडली. पंधरावी फेरी संपली. पंचानं दोघांचेही हात वर केले: बरोबरी. लव्हिनियाचं लक्ष रेनफ्रूकडे गेलं. त्यानं हॅट डोक्यावर ठेवली आणि तो चालू लागला. तेव्हा तिला उमगलं, की हॉलमध्ये इतकं उकडत असताना त्या माणसानं पंधरा फेऱ्यांत एकदाही ओव्हरकोट काढला नव्हता. द्यायला आलेला माणूस कोट काढून बसतो. हा नकार सांगायचं निमित्त शोधायला आला होता, आणि निमित्त त्याला मिळालं!

कपडे बदलायची खोली म्हणजे कोळशाच्या कोठीशेजारचं एक बोळकंडं होतं. लव्हिनिया आत शिरली तेव्हा दोघंही एकाच बाकड्यावर बसले होते, एकाच बादलीत हात बुडवून. सायलस अर्थातच डाव्या बाजूला होता.

"मी सांगितलं," ती दारातच म्हणाली. "बरगड्यांचं. मामाला मी सांगितलं."

"माहितीये, वहिनी."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. चौथ्या फेरीभर होता." सायलसनं सुजलेल्या ओठांनी हसायचा प्रयत्न केला. "पण माझी खुर्ची कुणी तीन वर्षं बळकावली असती, तर मी त्याच्या बरगड्या स्वतःच मोडल्या असत्या."

लव्हिनिया ईनॉकसमोर गुडघ्यांवर बसली. तिनं त्याचा रक्ताळलेला चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्या डाव्या डोळ्यासमोर बोट हलवलं. पापणी लवली नाही.

"कधीपासून?"

"तीन वर्षं," ईनॉक म्हणाला. "याला आधी कळलं. बाराव्या लढतीत त्यानं माझ्या डावीकडून ठोसा टाकला आणि मी डोळासुद्धा मिटला नाही. तेव्हापासून यानं त्या बाजूला एकदाही हात लावलेला नाही. पेपरवाले लिहितात ना, याला साधा पर्डी आडवा करता येत नाही? विनी, यानं मनात आणलं असतं तर मी दर वेळी पहिल्या फेरीत आडवा झालो असतो. माझी भाकरी चालावी म्हणून यानं स्वतःच्या नावाची माती करून घेतली."

"आणि मला... मला का नाही सांगितलंस रे?"

ईनॉकनं बादलीतून हात बाहेर काढला. "लग्नाआधी तू मला म्हणाली होतीस, आठवतं? 'अकरा वर्षं मी बाबांचे डोळे झाले. आता मला कुणीतरी माझ्याकडे बघणारं हवंय.' तेवढं एकच तू मागितलं होतंस, विनी. तेही मला देता येईना. पुन्हा तुझ्या हातात आंधळ्याची काठी कुठल्या तोंडानं देऊ?"

लव्हिनियाच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. किती वर्षांचा मत्सर, किती रात्रींची धगधग त्या पाण्यात वाहून चालली होती! तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि मग मान वर करून ती सायलसकडे वळली.

"भावोजी..."

सायलस दचकला. पाच वर्षांत या बाईनं त्याला 'मिस्टर गेदर'शिवाय हाक मारली नव्हती.

"भावोजी, ती पट्टी नीट बांधलेली नाही. घरी चला, मी बांधून देते. आणि टर्की करपली असेल, ती निमूटपणे खायची."

"करपलेली? मग मोडलेल्या बरगड्या बऱ्या," सायलस म्हणाला, आणि ईनॉक हसता हसता रडायला लागला.

ते बाहेर पडले तेव्हा सूर्य मावळत होता. सवयीनं सायलस डाव्या बाजूला गेला. लव्हिनियानं त्याच्या दंडाला हलकेच बोट लावलं.

"ती जागा माझी आहे, भावोजी." या वेळी तिच्या आवाजात कंप नव्हता. "पण मला शिकवा. तुम्ही वाटेनं काय काय सांगता त्याला?"

सायलस बाजूला झाला आणि तिच्या मागे येऊन चालू लागला. "खांब," तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला. तिनं तसंच ईनॉकला सांगितलं, "खांब." मग "डबकं." मग "समोरून बाई येतेय, टोपली घेऊन." पुढच्या कोपऱ्यापासून सायलस गप्प झाला. आता लव्हिनिया एकटीच सांगत होती, आणि तिचा हात ईनॉकच्या डाव्या हातात होता.

"विनी," मध्येच ईनॉक म्हणाला, "तो निळा ड्रेस, जो तू एकदाच घातलास... तो मी बघितला होता. तू दारातून समोर आलीस तेव्हा. मग तू या बाजूला येऊन उभी राहिलीस, आणि मी मान वळवली नाही. वळवली असती तर तुला कळलं असतं."

ती नुसती त्याची बोटं घट्ट धरून चालत राहिली.

घर आलं. दारात ओडेसा उड्या मारत उभी होती, आतून करपल्याचा वास येत होता, आणि सोमवारी मत्सरानं घासघासून लख्ख केलेल्या त्या तीन संगमरवरी पायऱ्या संध्याकाळच्या उजेडात पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. लव्हिनिया थांबली. तिनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"पायरी," ती म्हणाली.

ईनॉकनं पाऊल उचललं.